आवाज तेवढाच यायला पाहिजे

आमच्या दाजींनी उभ्या आयुष्यात एकही गोष्ट नव्यानं सुरू केली नाही. जी गोष्ट जिथं थांबली असेल तिथूनच ती पुढे चालू करायची, असा त्यांचा खाक्या होता, आणि मध्ये किती महिने गेले, किती लग्नं-बारशी झाली, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. एकदा अंबडच्या स्टँडवर ते मला कुणाच्या तरी पंख्याची भानगड समजावून सांगत होते. "कंडेन्सर चांगला हाय, वायर बी बराबर हाय, मंग म्हणलं..." इतक्यात जालन्याची एसटी लागली. मी पळत जाऊन जागा धरली आणि खिडकीतून हात केला. त्यानंतर चार महिन्यांनी वाटूरला एका लग्नात, मंगलाष्टकं चालू असताना, मी मुठीत अक्षता घेऊन उभा होतो, तर मागून खांद्यावर हात पडला. ना रामराम, ना कधी आलास. "म्हणलं, बुश कोरडं पडलं असंल," दाजी म्हणाले, "आन् तेच निघालं." एवढं बोलून त्यांनी समाधानानं अक्षता टाकल्या. कुठला पंखा, कुणाचं बुश, हे आठवण्यात माझी पुढची दोन मंगलाष्टकं गेली.

त्यांच्याकडे शाळेतल्या पोरांची असते तशी दोनशे पानी वही असायची. दोन दिवसांसाठी जरी गावाला जायचं असलं तरी निघण्याआधी ते पेन घेऊन घरभर फिरत आणि लिहीत: पंखा तीनवर, खिडकी अर्धी उघडी, रेडिओचा आवाज सहावर, कपाट भिंतीपासून चार बोटं. परत आले की पायावर पाणी घ्यायचं, वही उघडायची आणि एकेक वस्तू होती तशी करायची, मगच चहा. एकदा ते कुंभार पिंपळगावला, त्यांच्या मूळ गावी, गेलेले असताना अक्कानं शेजारणींना बोलावून मोठ्या हौसेनं ते कपाट दुसऱ्या भिंतीला लावून घेतलं. दाजी आले, त्यांनी वही वाचली, कपाट ओढत जुन्या जागी आणलं, मागे हात घालून चार बोटं मोजली आणि "हां, बराबर" म्हणून चहाला बसले. अक्का दोन दिवस बोलली नाही. भांडणाचंही तसंच. गावाला जाताना अर्धवट राहिलेलं भांडण ते परत आल्यावर, पिशवीतले पेढे तिच्या हातात देऊन, पुन्हा उघडत. "हं, तर तू म्हणत होतीस की माझ्या बहिणीनं तुला मुद्दाम बोलावलं न्हाई." अक्का तोवर सगळं विसरलेली असायची. मग दाजी तिचे मुद्दे तिला आठवून द्यायचे, तेही प्रामाणिकपणे, एकही न गाळता, आणि तिच्या बाजूनं बोलता बोलता बऱ्याचदा स्वतःच हरायचे. अक्का म्हणायची, "ह्येंच्याशी भांडायला मी घरात नसले तरी चालतंय."

अंबडला बाजाराच्या रस्त्यावर त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. एक्क्याऐंशी साली टाकलेलं. मी तेव्हा शाळेत होतो आणि सुट्टीत अक्काकडे गेलो की तिथंच बसून असायचो. गिऱ्हाइकानं रेडिओ आणला की दाजी आधी काटा कुठल्या स्टेशनवर आहे आणि आवाजाचं बटण किती फिरवलेलं आहे ते वहीत टिपून घेत, मगच स्क्रू काढत. दुरुस्त झाल्यावर काटा आणि बटण अगदी तिथंच आणून ठेवत. घरी जाऊन बटण दाबलं की माणसाला वाटावं, मध्ये काही झालंच नव्हतं. एक म्हातारबाबा चिडून परत आले होते. "स्टेशन तेच, आवाज तेवढाच, मंग तुमी रिपेर काय केलं?" दाजींच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जो आनंद पाहिला, तो मी पुढे फार थोड्या वेळा पाहिला. दिवसभर ते आल्यागेल्याला ती तक्रार सांगत होते.

पुढे लोडशेडिंगचे दिवस आले तेव्हा तर दाजींना मोकळं रानच मिळालं. लाइट जायच्या वेळा ठरलेल्या असायच्या. त्याआधी पाच मिनिटं ते घरातल्या एकेका वस्तूला रीतसर झोपवत आणि लाइट आली की ठराविक क्रमानं उठवत. सगळी बटणं चालू ठेवून लाइटची वाट बघणाऱ्या शेजाऱ्यांची त्यांना कीव यायची. "एकदम समदे उठले की मार बसतो," ते म्हणत. "निजताना आधी लेकरं निजवावी, मंग मायनं निजावं. उठताना मायनं आधी उठावं, मंग लेकरं उठवावी. बिलकुल सोपं हाय." यात माय म्हणजे स्टॅबिलायझर आणि लेकरं म्हणजे टीव्ही नि टेप, हे नवीन पाहुण्याला कळायला वेळ लागायचा.

अशा माणसाच्या हाती कॉम्प्युटर लागल्यावर जे व्हायचं होतं ते झालंच. रेडिओचा धंदा बसत गेला, तेव्हा पन्नाशीला टेकलेल्या दाजींनी जुने कॉम्प्युटर आणून दुरुस्त करायला सुरुवात केली. मी तोवर जालन्याच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायला लागलो होतो. पुस्तकं मी नेऊन द्यायचो. इंग्रजी ते बोटानं ओळ धरून वाचत, पण वाचलेलं विसरत नसत. त्यांना लिनक्स, विंडोजच्या जागी घालायची फुकटातली प्रणाली, आवडायचं, कारण त्याचं झाकण उघडता येतं, आत कुणी काय लिहिलंय ते ओळ न् ओळ वाचता येतं, बदलता येतं. आणि सगळं जग ज्यावर चालतं तो उपाय, म्हणजे बंद करून पुन्हा चालू करणं, तो त्यांना अजिबात मान्य नव्हता. "ही काय दुरुस्ती हाय? ही पळवाट हाय," असं ते माझ्या विद्यार्थ्यांसमोर मला म्हणाले होते, नेमकं मी तेच शिकवून झाल्यावर.

त्यांच्याकडे एक सेकंडहँड लॅपटॉप होता. झाकण मिटलं की तो झोपायचा, उघडलं की उठायचा. पडदा यायचा, लिहिलेलं जिथल्या तिथं असायचं, फक्त आवाज यायचा नाही. मुका होऊन उठायचा. दुसऱ्या कुणीही तो बंद करून चालू केला असता. दाजी वही घेऊन बसले. दीड महिन्यानं मला फोन आला. "पाव्हणं, सापडलं!" आवाजाची जी चिप असते तिच्यात छोटे छोटे खण असतात, आणि आवाज किती, कुठल्या बाजूनं, असे आकडे त्या खणांत भरलेले असतात. मशीन झोपलं की चिपची वीज जाते आणि खण रिकामे होतात. म्हणून चिपला कामाला लावणारा जो छोटा प्रोग्राम असतो, ड्रायव्हर, त्यानं झोपण्याआधी हे आकडे टिपून ठेवायचे आणि उठल्यावर परत भरायचे. या चिपच्या ड्रायव्हरमध्ये झोपवायचं लिहिलेलं होतं, परत भरायचं मात्र कुणी लिहिलंच नव्हतं. "म्हंजी वहीच न्हाई ना त्याच्यापाशी!" दाजी फोनवर ओरडले. आपण तीस वर्षं घरात जे करत आलो आणि ज्यापायी बायकोची बोलणी खाल्ली, ते जगभरच्या मशीनच्या पोटात करावं लागतं, हे कळल्यावर त्यांना कोण आनंद झाला होता. ती वही त्यांनी लिहिली. चाळीसेक ओळी होत्या. झाकण मिटलं, उघडलं, आणि त्यांच्या लॅपटॉपमधून अर्धवट राहिलेलं भजन पुढच्या शब्दापासून सुरू झालं.

त्या ओळी आम्ही लिनक्सवाल्यांकडे पाठवल्या. पत्राचं इंग्रजी माझं होतं. तिकडे आवाजाचा भाग सांभाळणारे कुणी गोरे गृहस्थ होते. त्यांचं दोन ओळींचं उत्तर आलं: काम चांगलं आहे, पण याच चिपची नवी आवृत्तीही बाजारात आहे, तिच्यावर कुणी तपासलं का? त्यांच्यात एक रीत असते. ज्यानं लिहिलं त्याचं नाव, आणि त्याखाली ज्यानं आपल्या मशीनवर तपासून पाहिलं त्याचं नाव, दोन्ही कायमची त्या कामाला चिकटतात. नवी चिप माझ्या लॅपटॉपमध्ये होती. दाजींनी फोन केला. "पाव्हणं, एकदा निजवून उठवून बघ तुझ्या मशीनवर. घाई न्हाई. पण बराबर बघ, लोकांच्या मशिनी हायेत."

तपासायचं म्हणजे लिनक्सचा सगळा गाभा नव्यानं बांधायचा, त्यात अर्धा दिवस जाणार, मध्येच लाइट गेली की पहिल्यापासून. परीक्षेचे पेपर तपासायचे होते, घरी पाहुणे होते. ही सगळी कारणं खरी आहेत, आणि एकही पुरेसं नाही. तीन आठवडे गेले. दाजींनी एकदाही तगादा लावला नाही. चौथ्या आठवड्यात त्यांचा दुसऱ्याच कशासाठी तरी फोन आला आणि शेवटी त्यांनी सहज विचारलं, "बघितलं का?" मला लाज वाटली. आणि लाज वाटली म्हणून मी म्हणालो, "हो दाजी, बघितलं. चाललं."

"आवाज तेवढाच आला का? निजायच्या आधी जेवढा होता तेवढाच?"

"तेवढाच."

"वा! मंग तुझं नाव घालतो खाली. तू बघितलंस म्हणून."

काम मंजूर झालं. दाजींनी त्या पानाची छापील प्रत काढून दुकानात लावली, वर त्यांचं नाव, खाली माझं, आणि बाजारात पेढे वाटले. लोक विचारायचे, कशाचे हो? "लॅपटॉप झोपून उठला की आता आवाज येतो." "आधी येत नव्हता का?" "न्हाई." "बरं झालं मंग," असं म्हणून लोक पेढा तोंडात टाकत. अक्कानं मात्र त्या कागदाला चौकट करून घेतली.

दोन महिन्यांनी तक्रारी आल्या. पहिली परदेशातल्या कुणाची तरी, मग आणखी दोन. झाकण उघडलं की मशीन ठार अडकतं, पडदासुद्धा येत नाही. तिघांचेही लॅपटॉप माझ्यासारखेच, नव्या चिपचे होते. ते वाचताक्षणी मला कळलं, जे मी तपासलंच नव्हतं तेच अडकत होतं. त्या गृहस्थांनी दाजींच्या ओळी काढून टाकल्या, आणि तसं रीतसर कळवलं. दाजी दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं जालन्याला आले. चहा घेतला नाही. "तुझ्यावर चाललं होतं ना?" एवढंच विचारलं. माझी बायको समोर होती, कॉलेजातले दोन सहकारी बसले होते. ते नसते तर मी खरं बोललो असतो असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत आलो. मी म्हणालो, "हो, चाललं होतं."

"मंग नव्या चिपचा दोष न्हाई," दाजी म्हणाले. "मपलंच कुठं तरी चुकलंय."

दाजींचा माझ्यावरचा विश्वास त्यांच्या वहीइतकाच पक्का होता. मी चाललं म्हणालो म्हणजे चाललं. त्यामुळे जिथं चूक होती ते एकच दार त्यांनी स्वतःच्या हातानं लावून घेतलं आणि बाकी सगळं घर धुंडाळलं. वर्षभर ते आपल्या जुन्या लॅपटॉपचं झाकण मिटत होते, उघडत होते. त्यांच्या मशीनवर तर ते अडकायचंच नाही. बिजागरी ढिली झाली तेव्हा त्यांनी झाकणाला दोरी बांधली. "चालूनच राह्यलंय," ते मला हताशपणे सांगत. "चुकलेलं हाय आन् चालूनच राह्यलंय, असं कसं?" मी त्यांच्यासमोर बसून मान हलवायचो. शेवटी एक दिवस त्यांनी मला पत्र लिहायला सांगितलं: माझी चूक मला सापडत नाही, तुम्हाला त्रास झाला, माफ करा. त्याचं इंग्रजी मी केलं. माझ्या हातांनी टाइप केलं. व्याकरणाची एक चूक राहिली होती ती सुधारली आणि पाठवून दिलं. दाजींनी लॅपटॉप फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवला. दुकानातला तो कागद कधी उतरला मला माहीत नाही, मी नंतर तिकडे बघणं टाळत होतो.

त्यानंतर चार वर्षांनी त्यांना अर्धांगाचा झटका आला. तीन आठवडे ते जालन्याला दवाखान्यात होते, फारसं बोलत नव्हते. घरी आणायच्या दिवशी अक्का सकाळीच पुढे गेली आणि तिनं वहीप्रमाणे सगळं घर लावलं. पंखा तीनवर, खिडकी अर्धी, रेडिओ सहावर. जन्मभर ज्या वहीची तिनं टर उडवली, ती तिला तोंडपाठ होती. आम्ही दाजींना आणून खाटेवर टेकवलं. त्यांनी हळूहळू सगळीकडे नजर फिरवली. डावा हात उचलला जात नव्हता, जीभ जड होती. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि चेहरा उजळला.

"पाव्हणं," ते म्हणाले, "बघितलं का? निजवून उठवून?"

मी अक्काकडे बघितलं. ती हळू आवाजात म्हणाली, "मधल्या पाच-सहा सालाचं काईच ध्यानात न्हाई त्येंच्या. धाकट्या लेकीचं लगीन बी न्हाई. डाक्टर म्हणले, येईल न्हाई तर न्हाई."

ते पेढे, त्या तक्रारी, ते वर्ष, ते माफीचं पत्र, सगळं पुसलं गेलं होतं. दाजी नेहमीसारखे जिथं थांबलं होतं तिथून पुढे बोलत होते, फक्त त्यांचं थांबलं होतं ते मी खोटं बोलायच्या आदल्या दिवशी. माझं उत्तर अजून यायचं होतं.

"न्हाई, दाजी," मी म्हणालो. "अजून न्हाई बघितलं."

"मंग बघ," ते म्हणाले. "घाई न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी रजा काढली. माळ्यावरून माझा तेव्हाचा लॅपटॉप काढला, दाजींच्या ओळी घातल्या, गाभा बांधायला लावला. दुपारी झाकण मिटलं, उघडलं. काळा पडदा. ठार. पाच वर्षांपूर्वी हे बघायला मला अर्धा दिवस लागला असता. नवी चिप उठायला थोडी जास्त वेळ घेत होती, आणि तिला नीट जाग येण्याआधीच आम्ही तिच्या खणांत आकडे कोंबत होतो. ती जागी झाली का ते विचारून मग भरायचं, इतकंच करायचं होतं. त्याच्या तीन ओळी झाल्या. पुन्हा झाकण मिटलं, उघडलं, आणि भजन पुढच्या शब्दापासून लागलं. मी तिथं बसून रडलो, ते सांगायला आता संकोच वाटत नाही.

लॅपटॉप घेऊन मी अंबडला गेलो. दाजींनी कान अगदी मशीनजवळ नेला. मी झाकण मिटलं, उघडलं. "तेवढाच हाय," ते म्हणाले. मग, "काय केलं?" मी सांगितलं, "जरा थांबलो, दाजी. ती जागी व्हायच्या आधीच आपण तिला कामाला लावत होतो." त्यांना ते फार पटलं. "उठल्या उठल्या कुणाला बोलू न्हाई," ते म्हणाले. "पाठीव आता. आन् तुझं नाव घाल खाली. तू बघितलंस म्हणून."

मी पाठवलं. वर दाजींचं नाव, खाली माझं. आणि पत्रात लिहिलं की मागच्या वेळी माझं नाव होतं तेव्हा मी तपासलं नव्हतं, चूक माझी होती, त्यांची कधीच नव्हती. त्या गृहस्थांचं उत्तर एका ओळीचं आलं: आभार, घेतलं आहे. जगातल्या कुठल्या कुठल्या अनोळखी माणसांना मी चार ओळींत खरं सांगून मोकळा झालो. ज्याला सांगायचं होतं तो माणूस तेवढा राहिला.

दाजी पुढे दोन वर्षं होते. त्यांना सांगायचंच असं ठरवून मी किती वेळा तिकडे गेलो असेन. एकदा धीर करून म्हणालोही, "दाजी, मागच्या वेळी मी तुमच्याशी खोटं बोललो होतो." ते विचारात पडले. "मागच्या वेळी कधी?" माझ्याकडे बघणारे त्यांचे डोळे अगदी स्वच्छ होते. ज्याची माफी मागायची, ते त्यांच्यापाशी राहिलंच नव्हतं. आता सगळं पहिल्यापासून सांगायचं तर ते वर्षभराचं दुःख त्यांना मीच पुन्हा आणून द्यायचं. दाजींची नजर माझ्यावरून निघून भिंतीकडे गेली होती आणि तिथंच अडकली होती.

"कपाट सरकलंय का जरा?" ते म्हणाले.

मी उठलो. अक्कानं झाडताना ते मागे लोटलं असावं. मी ते पुढे ओढलं, मागच्या फटीत हात घालून चार बोटं मोजली, आणि त्यांच्याकडे वळून बघितलं.

"हां," दाजी म्हणाले. "बराबर."